काविळीची माळ

माझ्या बायकोला वाटतं, मला तळलेलं चालत नाही. घरी पाहुणे आले की ती भज्यांचं ताट माझ्यासमोरून हळूच पलीकडे सरकवते आणि त्यांना सांगते, यांना तरुणपणी कावीळ झाली होती, तेव्हापासून जपावं लागतं. मी मान हलवतो. भज्यांचा वास नाकात जात असतो आणि मी मान हलवत असतो. ज्या माणसाला भजी जिवापाड आवडतात, त्यानं उभा जन्म मान हलवत काढावा — तुम्ही म्हणाल, काहीतरी कारण असेल. आहे. पण ते मी तिला सांगितलेलं नाही. माझ्या आईला सांगितलं नाही, ती गेली. मित्रांना नाही. देवापुढे उभा राहिलो तेव्हाही मनात दुसरंच काही पुटपुटलो.

आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

पण एकदम नाही हो सांगता येत. आधी माझ्या हेल्मेटविषयी सांगू द्या — त्यात माझी थोडी बढाई आहे, तेवढी सोसा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोराडीचं वीजकेंद्र नवं होतं, कॉलनी नवी होती आणि मी त्याहून नवा होतो. वर्कशॉपमध्ये फिटर. लग्न व्हायचं होतं, आई गावाला, आणि मी कॉलनीतल्या दोन खोल्यांत एक स्टोव्ह, एक खाट आणि तोंडाची भलतीच बडबड घेऊन राहत होतो. आमच्या कॉलनीत पापड वाळत घातले की चिमणीच्या राखेचा मसाला फुकट लागायचा. बायका दोरीवरचे कपडे काढायच्या आधी ते झटकायच्या आणि झटकता झटकता शेजारणीशी बोलून घ्यायच्या. माझ्या भिंतीला भिंत लावून नत्थूजी राहायचे. कोळशाच्या पट्ट्यावर हेल्पर. संध्याकाळी घरी आले की आधी नळाखाली उभे राहायचे, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा दिसायचा. त्यांची बायको मंदावहिनी. आणि त्यांचा गुड्डू.

गुड्डूचं खरं नाव अरुण, पण शाळेच्या हजेरीशिवाय ते कुणी वापरलं नाही. मोठ्या डोळ्यांचं, चौकशीखोर पोरगं. पट्ट्यावरून कोळसा कुठे जातो, तिथून वीज कुठून निघते, वीज गेली की कुठे जाते — विचारून विचारून भंडावून सोडायचा. मी ठोकून द्यायचो काहीतरी. त्याला माझं सगळं खरं वाटायचं.

त्याचा पहिला दुधाचा दात पडला तेव्हा कळलं. दात पडला आणि रक्त थांबेचना. मंदावहिनींनी हळद दाबली, तुरटी लावली, कापूस बदलून बदलून त्यांचे हात थकले. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. शेवटी दवाखान्याच्या गाडीतून नागपूरला नेला, रामदासपेठेतल्या एका मोठ्या इस्पितळात. तिथल्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं — हिमोफिलिया. आमच्या कॉलनीत ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. आम्ही आपलं म्हणायचो, गुड्डूचं रक्त थांबत नाही. एवढंच खरं होतं. खरचटलं तर थांबत नाही, पडला तर आतल्या आत सांध्यात साचतं, आणि ते साचू द्यायचं नाही. असा रोग लाखात एखाद्याला होतो म्हणे. तो लाखातला एक आमच्या भिंतीपलीकडे निघाला.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं — हा रोग आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला काही होत नाही. त्यांनी ते दोष म्हणून सांगितलं नव्हतं. पण मंदावहिनी त्यानंतर कित्येक दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. पाणी भरायला आल्या तरी खाली मान. नत्थूजींच्या आईनं गावाहून येऊन एकदाच काहीतरी टोमणा मारला, तेव्हा नत्थूजींनी, आयुष्यात आवाज न चढवलेल्या त्या माणसानं, म्हातारीला दुसऱ्या दिवशीच्या बसमध्ये बसवून दिलं. मला तो माणूस तेव्हापासून फार आवडायला लागला.

आता हेल्मेट.

खर्च मोठा होता. गाडीभाडं, इस्पितळ, इंजेक्शनं, वहिनींचं तिथे राहणं, आणि नत्थूजींच्या बुडालेल्या पाळ्या. हेल्परच्या पगारात काय काय बसवायचं? पगाराच्या दिवशी मी गेटवर उभा राहिलो, डोक्यावरचं हेल्मेट काढलं, उलटं केलं आणि ओरडलो — आपल्या गुड्डूसाठी. कुणाला विचारलं नाही, कुणाची परवानगी घेतली नाही. पाळी सुटली आणि माणसं येत गेली. साहेबांनी टाकलं, मुकादमानं टाकलं, ठेकेदाराकडे पाट्या उचलणाऱ्या बायांनी पदराची गाठ सोडून टाकलं. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्यानं कँटीनची कुपनं टाकली. मग दर पगाराला हे ठरूनच गेलं. मी मागे पडलो तर लोकच विचारायचे, वसंता, टोपलं कुठाय?

आणि नुसता पैसा नव्हता. कॉलनीतल्या बायकांनी जुन्या गोधड्या उसवून गुड्डूसाठी गुडघ्याच्या आणि कोपराच्या गाद्या शिवल्या. पोरांना दम देऊन ठेवला की याला कुणी ढकलायचं नाही. तो क्रिकेटमध्ये कायमचा अंपायर. गाद्या बांधून, हात वर करून तो असा काही आऊट द्यायचा की मोठी पोरं वाद घालायची हिंमत करायची नाहीत. मी ते पाहायचो आणि मला वाटायचं, हे सगळं माझ्या हेल्मेटातून निघालं. लोकही तसंच म्हणायचे. गुड्डू तर मला हेल्मेटकाकाच म्हणायचा. स्तुती गोड असते हो. कुणाला नको असते?

पण त्या पोराला पैशाहून जास्त लागायचं ते रक्त. ताजं. बाटलीत ठेवलेलं जुनं त्याच्या कामाचं नव्हतं, डॉक्टर म्हणायचे, माणूस आणा, इथे झोपवा, काढा आणि लगेच द्या. त्यातून गुड्डूचा गट ओ निगेटिव्ह. अख्ख्या कॉलनीत त्या गटाची दोनच माणसं निघाली. एक बॉयलरवरचे मिश्राजी — जबलपूरकडचे, पहाडासारखे, मिशीला तेल लावणारे.

दुसरा मी.

माझ्या ओळखपत्रावरच छापलेलं होतं. नोकरीला लागताना बोटाला सुई टोचून तपासलं होतं. त्या दिवशी मी खुर्चीवरून घसरलो होतो आणि उठल्यावर म्हणालो होतो, सकाळपासून उपाशी आहे. उपाशी कसला? दोन समोसे खाऊन गेलो होतो.

तर मला सुईची भीती वाटते. लिहिल्यावर किती लहान दिसतं हे. उंचावर चढायला मी भीत नव्हतो, लेथवर काम करताना भीत नव्हतो, साहेबांशी भांडायला तर मुळीच नाही. पण सुई चामडीत शिरताना आणि आपलं रक्त नळीतून जाताना — नको. आणि हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं? लोक हसले असते, दोन जणांनी धरून बसवलं असतं, मिश्राजींनी माझं तोंड दुसरीकडे फिरवलं असतं आणि काम झालं असतं. कोराडीत कुणी कुणाला एवढ्यावरून टाकून दिलं नसतं. पण हेल्मेटकाका सुईला भितो — हे मला सहन होणार नव्हतं.

म्हणून मी टाळत गेलो. कधी माझी पाळी लागलेली असायची, कधी सर्दी, कधी गावाला जायचं असायचं. दर वेळी मिश्राजी गेले. जाताना म्हणायचे, वसंता अभी रिजर्व में है. सगळे हसायचे. मीही हसायचो.

मग तान्हा पोळा आला.

बाहेरच्यांसाठी सांगतो — पोळा बैलांचा, तान्हा पोळा पोरांचा. दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात आणि घराघरातून खाऊ, चिल्लर, जो काही बोजारा मिळेल तो गोळा करतात. गुड्डूचा नंदी मी केला होता. सागाच्या तुकड्यातून वर्कशॉपमध्ये घडवला, शिंगांना बेगड लावली, आणि खाली चाकं म्हणून भंगारातली बेअरिंगं बसवली. इतर पोरांचे नंदी खरडत चालायचे, गुड्डूचा नुसतं बोट लावलं तरी पळायचा. मला त्याचा कोण अभिमान! पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर तो नंदी पुढे सुटला, दोरी गुड्डूच्या मनगटाला गुंडाळलेली होती, आणि पोरगं ओढलं गेलं. गोधडीची गादी सरकली आणि गुडघा फरशीवर आदळला.

नंदीबद्दल मला कुणी बोललं नाही. त्यालाही मी कबुली म्हणत नाही, तो वेडेपणा होता आणि प्रेमानं केलेला होता. कबुली पुढे आहे.

घरी आणेपर्यंत गुडघा बेलफळाएवढा झाला. गुड्डू ओरडत नव्हता, ओठ दाबून बसला होता, आणि नंदीचं शिंग तुटलं का, एवढंच विचारत होता. दवाखान्याची गाडी काढली. नत्थूजी, वहिनी, मी. मिश्राजींच्या दाराला कुलूप होतं. ते सकाळीच लेकीला घेऊन महालात मारबत पाहायला गेले होते. नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तुम्हाला माहीत असेल, आणि अख्खं शहर रस्त्यावर असतं. तिथे एक माणूस शोधायचा म्हणजे धान्यात खडा. पण कुणाला चिंता नव्हती. गाडीत नत्थूजी वहिनींना म्हणाले, "घाबरू नको वं. वसंता हाय ना आपला."

आपला.

इस्पितळात डॉक्टरांनी गुडघा पाहिला आणि म्हणाले, रक्त ताबडतोब पाहिजे, आत साचतंय, जितका उशीर तितका सांधा जाईल. सांधा जाईल — हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं. मला समजलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

मी आत गेलो. स्टुलावर बसलो. बाही वर केली. तिथल्या माणसानं दंडाला रबरी नळी आवळली आणि बोटानं शीर दाबून पाहिली. मग कापूस ओला करता करता, रोजच्या सवयीनं, माझ्याकडे न बघताच विचारू लागला. ताप येऊन गेला का? नाही. मलेरिया? नाही. कावीळ?

बघा, किती साधं होतं. दोनदा नाही म्हटलं होतं, तिसऱ्यांदा म्हणायचं होतं. ट्रेमध्ये सुई होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो, "दोनेक महिन्यांपूर्वी झाली होती."

त्यानं लगेच नळी सोडली. म्हणाला, मग तुमचं चालणार नाही. आणि मला काय वाटलं माहीत आहे? हेच मी इतकी वर्षं गिळून बसलो आहे — मला बरं वाटलं. हात मोकळा झाला, रक्त बोटांत परत आलं आणि मला मोकळं, हलकं वाटलं. दाराच्या पलीकडे ते पोरगं गुडघा धरून बसलं होतं आणि मी इकडे सुटलो म्हणून सुखावलो होतो. क्षणभरच. पण तो क्षण माझाच होता.

बाहेर येऊन नत्थूजींना सांगितलं. ते रागावतील, रडतील, असं काहीतरी मला वाटलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काहून नाही सांगतलं गा?" ते म्हणाले. "एवढे दिवस एकट्यानंच अंगावर काढून राहिला होता?"

मग मी धावलो. कुणी पाठवलं नाही, मीच धावलो. महालाकडे जाणारे रस्ते माणसांनी भरलेले, गच्च्यांवर माणसं, दुकानांच्या फळ्यांवर माणसं. काळी मारबत पुढे गेलेली, पिवळी मागून येत होती, आणि लोक ओरडत होते — खोकला घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. ज्याला जे नको असेल ते तो ओरडून देऊन टाकत होता. मी मिश्राजी, मिश्राजी म्हणत फिरत होतो. धक्के खाल्ले, चप्पल गेली. दोनदा भलत्याच मिशीवाल्याचा खांदा ओढला. ते सापडले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लेक खांद्यावर, हातात फुगा. मी सांगितलं. त्यांनी लेकीला खाली उतरवलं, ओळखीच्या एका दुकानदाराच्या बायकोजवळ बसवलं आणि चालू लागले. गेल्याच महिन्यात त्यांनी रक्त दिलं होतं. इतक्यात पुन्हा द्यायचं नसतं. डॉक्टर नको म्हणत होते, मिश्राजी ऐकेनात. दिलं आणि उठताना तो पहाडासारखा माणूस भिंतीला धरून उभा राहिला.

गुड्डू वाचला. गुडघा मात्र आखडला तो आखडलाच. पाय पुन्हा सरळ झाला नाही. त्या दुपारच्या उशिरामुळेच असं झालं का? डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड पाहिजे.

तुम्हाला वाटेल, संपलं. नाही हो. खरं पुढेच आहे — आणि ते इतकं मायेचं आहे की मला आजही सोसत नाही.

मला कावीळ झाली होती आणि मी कुणाला कळू दिलं नाही, ही बातमी आमच्या आधी कॉलनीत पोचली. दुसऱ्या दिवशी कँटीनवाल्यानं माझ्या ताटातला वडा काढून घेतला आणि ताक ठेवलं. कुणी मुळा आणून दिला, कुणी भुईआवळ्याचा पाला. वर्कशॉपच्या साहेबांनी मला भट्टीजवळच्या कामावरून हलवलं. आणि मंदावहिनी — पोराला घेऊन इस्पितळातून परतल्या त्या दिवशी त्यांनी पिशवी खाली ठेवली, गुड्डूला खाटेवर निजवलं आणि आधी माझ्याकडे आल्या. बोटानं माझी खालची पापणी ओढली आणि डोळ्यात पाहिलं.

पिवळे आहेत अजून, म्हणाल्या.

काय पाहिलं असेल त्यांनी? माझे डोळे दुधासारखे पांढरे होते. पण त्यांना पिवळे दिसले. माया असली की दिसतं.

पुढच्या रविवारी त्या मला सावनेरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात घेऊन गेल्या. तिथे एक म्हातारा कावीळ उतरवायचा. मी नको नको म्हणत होतो आणि वहिनी बसमध्ये माझ्या बाजूला आजारी माणसाजवळ बसावं तशा बसल्या होत्या. म्हाताऱ्यानं परातीत पाणी घेतलं, माझ्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळला, चुन्याचं पाणी ओतलं, आणि — पाणी पिवळं झालं! पिवळंधमक. वहिनींनी सुस्कारा सोडला. मी परातीत बघत राहिलो. क्षणभर मलाच वाटलं, झाली असेल बुवा. कुणाच्याही हाताचं पाणी तिथे पिवळंच होत असणार, हे माझ्यासारख्या फिटरला कळायला किती वेळ लागतो? मग त्यानं वेलीच्या काड्यांची माळ माझ्या डोक्यात घातली. ही वाढत जाईल, म्हणाला, कपाळावरून गळ्यात उतरेल, गळ्यातून पोटापर्यंत जाईल, तसतशी कावीळ उतरेल.

काड्या वाळल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. ती माळ वाढली हो! रोज वाढली. ऑफिसात, वर्कशॉपात, सगळीकडे मी ती घालून फिरलो. आणि संध्याकाळी गुड्डूच्या खाटेजवळ जाऊन बसायचो. त्याचा पाय फळीला बांधलेला. तो वीत लावून माझी माळ मोजायचा. एक दिवस त्याचा चेहरा फुलला.

"काका," म्हणाला, "बेंबीवर आली. तुमची कावीळ चालली."

त्याचा स्वतःचा गुडघा तसूभर हलत नव्हता आणि तो माझ्या माळेवर खूश होता.

उसाचा रसही राहिला सांगायचा. काविळीला उसाचा रस हवा, आणि पोळ्याच्या दिवसांत रस मिळतो कुठे? रसवंत्या उन्हाळ्याच्या. वहिनींनी सीताबर्डीला एक गाडीवाला शोधून काढला. गुड्डूची औषधं आणायला बसनं जायच्या आणि येताना किटलीत रस आणायच्या, तोंडाला फडकं बांधून. एकदा मी त्यांच्यासोबत होतो. त्यांनी रसवाल्याला देण्यासाठी रुमालाची गाठ सोडली आणि मी तो रुमाल ओळखला. हेल्मेटातले पैसे मी त्यातच बांधून दिले होते. पाटीवाल्या बायांनी पदरातून काढून टाकलेले. मी त्यांचा हात धरला, म्हणालो, वहिनी, हे नको, हे गुड्डूचं आहे.

"घरच्या आजाऱ्यासाठीच जमवलं ना भाऊजी?" त्या म्हणाल्या. "तुमी घरचे नाही का?"

त्याच वेळी सांगायचं होतं. रस्त्यावर, त्या गाडीजवळ, घंटेचा आवाज होता, माशा होत्या, कुणी ऐकलं नसतं. त्यांनी पेला पुढे केला. मी प्यायलो. थंड होता, आलं घातलेलं, आणि चवीला फार छान होता — हेही लिहून ठेवतो, म्हणजे काही लपवलं असं नको.

त्यानंतर मी सुटलो तो कायमचा. ज्याला कावीळ झाली त्याला कुणी रक्त मागत नाही. गुड्डूला पुढे कितीदा तरी लागलं. मिश्राजी जात राहिले, मिशा पांढऱ्या झाल्या तरी गेले. आणखी एक पोरगा खापरखेड्याकडून मिळाला, तोही जायचा. मी हेल्मेट धरायचो. उलट अधिक जोरात धरायचो, दसपट ओरडायचो. दुसऱ्या कॉलनीतल्या एका पोरीला असाच काही दुर्मिळ आजार निघाला तेव्हा तिच्यासाठीही हेल्मेट फिरवलं. एका सव्वीस जानेवारीला मला शाल आणि नारळ दिला. भाषणात कुणीतरी सांगितलं, या माणसानं स्वतः काविळीतून उठून लोकांसाठी धाव घेतली. टाळ्या झाल्या. नत्थूजींनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

एकदा, कुणाला न सांगता, मी कामठीला गेलो होतो. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. रक्त द्यायचं, निदान एकदा, कुणाला का मिळेना. दारापर्यंत गेलो. आत कुणीतरी बाही वर करत होतं. परत आलो. येताना बसस्टँडवर चोरून भजी खाल्ली.

माझं लग्न झालं तेव्हा बायको नव्यानं घरी आली आणि मंदावहिनींनी तिला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन काविळीचं सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या घरातली कढई माझ्यासाठी बंद.

आता शेवटचं सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गुड्डूला वीजकेंद्राच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. बसून करायचं काम, गुडघ्याला ओढ नाही. आवाजही छान, लहानपणी आऊट द्यायचा तसाच ठाम. पहिला पगार झाला आणि वहिनींनी वडाभात केला. आमच्याकडचा वडाभात म्हणजे काय सांगू — डाळीचे खमंग वडे, गरम भातावर कुस्करायचे आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीचं कडकडीत तेल. पंगत बसली होती. मिश्राजी होते, म्हातारे झालेले, तेलाची वाटीच स्वतःकडे ओढून बसलेले. नत्थूजी वाढत होते. माझ्या पानात मात्र काही येईना.

मग वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊजींचं वेगळं केलं हाय. त्या दिवशी अंगात कावीळ असून माह्या लेकरासाठी मारबतीच्या गर्दीत धावले. मी जिवंत हाय तोवर त्याइले जपीन."

आणि आतून गुड्डू आला. एका हातात माझं ताट — मऊ भात, बिनफोडणीचं वरण, बाजूला मुळ्याचा काप. दुसरा हात भिंतीला. तो आखडलेला पाय टाचेवर टेकत नव्हता, चवड्यावर उचलून टाकत टाकत तो पंगतीच्या त्या टोकापासून माझ्या टोकापर्यंत आला. ताट सांडू नये म्हणून नजर ताटावर. माझ्यासारख्या धडधाकट माणसानं उठून दोन पावलांत ते घेतलं असतं.

पण आजारी माणूस उठत नाही. म्हणून मी बसून राहिलो, आणि तो पोचेपर्यंत त्याचं चालणं पाहिलं. त्यानं वाकून, भिंतीला धरूनच, ताट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, सावकाश खा काका.

मी खाल्लं. सगळं खाल्लं, आणि वहिनींनी विचारलं तेव्हा आणखी थोडा भात घेतला.